'रोल्फ-आर्नेचे' फोनवर सापडतात

कलावंताने काळाच्या एक पाऊल पुढे असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी शिक्षकांच्या खोलीत, न्हाव्याच्या दुकानात आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात कापसाचे बोळे असतानाही मांडलेलं आहे. मी स्वतः ज्या बँडमध्ये बास गिटार वाजवतो, त्याच्या गाण्यांची शेवटची ध्वनिफीत निघाली तेव्हा ती खरोखरच फीत होती आणि पेन्सिल घालून गुंडाळावी लागे, हा केवळ तपशील झाला.

बँडचं नाव 'रोल्फ-आर्नेचे'. रोल्फ-आर्नेचे काय, ते विचारू नये. आमच्याकडे नाचाच्या बँडला म्होरक्याच्या नावाची षष्ठी लावतात आणि तिथेच थांबतात. रोल्फ-आर्ने गातो आणि सॅक्सोफोन वाजवतो. विव्ही-आन ॲकॉर्डियन वाजवते, एरवी केशभूषा करते. ढोलांवर स्टेलान, तो बस चालवतो, आणि त्याच्या ठेक्यात थांबे येतात असं आमचे हितचिंतक म्हणतात. मी तूरे, शाळेत भूगोल शिकवतो. दर शनिवारी ग्रानबीच्या बागेतल्या नाचघरात आम्ही वाजवतो आणि गाव नाचतं.

आमच्या नाचघरात गाणी जोडीने येतात. दोन फॉक्सट्रॉट, थोडी उसंत, मग दोन वॉल्ट्झ, पुन्हा उसंत. एखादीला नाचायला विचारलं की ते दोन गाण्यांसाठी विचारलेलं असतं. पहिल्यानंतर सोडून जाणं म्हणजे जेवायला आलेल्या पाहुण्याने सूप पिऊन टोपी चढवणं. दुसरं गाणं संपलं की रंगमंचावरून रोल्फ-आर्ने 'आभारी आहे' म्हणतो, मग आपणही तिला तेच म्हणायचं, तिला तिच्या बाकापर्यंत पोचवायचं आणि नवी जोडीदारीण शोधायची. सलग चार गाणी एकाच बाईबरोबर नाचलात तर ग्रानबीत ती गोष्ट साखरपुड्यात मोजतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. नाचघराच्या भिंतीवर धूम्रपान, चिखलाचे बूट आणि ओल्या छत्र्या यांबद्दल पाट्या आहेत, याबद्दल नाही. श्वास घ्या, अशीही पाटी कुणी लावत नाही.

या पद्धतीचं मोल कुणाला विचारायचं तर ते सिक्स्टेनला. सिक्स्टेन लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, सहा फुटांचा, अत्यंत अबोल माणूस. दर शनिवारी तो एब्बाला एका जोडीसाठी विचारतो. एब्बा ग्रंथालयात होती, आता विधवा आहे. पहिल्या गाण्यात सिक्स्टेन स्वतःच्या पायांवर लक्ष ठेवतो. दुसऱ्या गाण्यात धीर गोळा करून एक वाक्य बोलतो. तीन वर्षांत त्यांचं संभाषण हवामानावरून तिच्या गुडघेदुखीपर्यंत आलेलं होतं.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना वसंतात एके दिवशी नाचघर मंडळाची अध्यक्ष गुन्नेल रंगमंचाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. गुन्नेल ही चांगली बाई आहे, हे मी आधीच नोंदवतो, कारण पुढे ते विसरायला होईल. ती म्हणाली की तिची पुतणी तिला विचारत होती, तुमच्या गावचा बँड कसा वाजवतो, आणि तिने फोनवर शोधलं तर तो सापडला नाही. आता जे फोनवर सापडत नाही ते लोकांच्या लेखी नसतंच. गर्दीही रोडावली आहे. तेव्हा उन्हाळ्यापर्यंत बँड सापडला नाही, तर मंडळाला 'इतर पर्यायांकडे बघावं लागेल'. आमच्या देशात मंडळं इतर पर्यायांकडे बघायला लागली की माणसाने आपली छत्री शोधायला लागावं.

रोल्फ-आर्नेने सॅक्सोफोन पुसला, पेटीत ठेवला, पेटी उघडून पुन्हा पुसला. तो टपाल खात्यातून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली. बायको गेल्यापासून घरात एकटाच असतो. शुक्रवारी संध्याकाळी फिकट निळा कोट इस्त्री करतो आणि शनिवारी घालतो. गाडीत बसताना तो मला म्हणाला, "तूरे, शनिवार काढून घेतला तर माझा आठवडा संपायचा कुठे?"

मी भूगोलाचा माणूस. नद्या कुठे संपतात तेवढं मला सांगता येतं. म्हणून मी म्हणालो, गाणी फोनवर चढवायचं काम माझ्याकडे लागलं. माझ्याकडे ईमेलचा पत्ता आहे, एवढ्या पात्रतेवर मी हे बोललो. बाकीच्यांनी इतक्या झटकन मान्य केलं की मला जरा अपमानच वाटला.

प्रथम गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करायला हवी होती. शेजारी शेल-ओके कुंपणावरून म्हणाला, स्टुडिओ वगैरे चोचले आहेत, आवाजाला लाकूड लागतं. शेल-ओकेने उभी हयात टेलिफोनचे खांब रोवण्यात घालवली आहे, त्यामुळे लाकूड आणि आवाज या दोन्ही विषयांवर त्याला अधिकार आहे असं तो समजतो. त्याच्याकडे नवा सॉना आहे, चहूबाजूंनी देवदाराच्या फळ्या. तिथे गायलं तर चर्चसारखं वाटेल, तो म्हणाला. माझी बायको म्हणाली की सॉना ही घाम गाळायची जागा आहे. मी तिला कलेबद्दल चार गोष्टी सांगितल्या. आज त्या आठवत नाहीत, तिला आठवतात.

रविवारी सकाळी आम्ही सॉनात शिरलो. स्टेलानचे ढोल खालच्या बाकावर, विव्ही-आन वरच्या बाकावर, मी दारात अर्धा आत अर्धा बाहेर. गाणी आम्ही नाचघरातल्यासारखीच, जोडीने वाजवली. पहिलं गाणं, मध्ये रोल्फ-आर्नेचं खोकणं, दुसरं गाणं, मग 'आभारी आहे' आणि उसंत. आवाज खरंच सुरेख येत होता. तिसऱ्या जोडीला आम्ही कोट काढले. चौथीला स्टेलानने शर्ट काढला. मला वाटलं, आपण आज फारच मनापासून वाजवतो आहोत. पाचव्या जोडीत ॲकॉर्डियनचा एक सूर मध्येच गेला. मग त्याच्या शेजारचा गेला. विव्ही-आनने भाता मिटला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तूरे, यातल्या आवाज काढणाऱ्या पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात. मेण वितळतंय."

बाहेर शेल-ओके तृप्त चेहऱ्याने उभा होता. पाहुण्यांना थंड सॉनात बसवणं त्याला प्रशस्त वाटलं नव्हतं, म्हणून आम्ही सामान लावत असतानाच त्याने हळूच भट्टी चालू केली होती.

ॲकॉर्डियन दुरुस्तीला गेला. दुरुस्ती करणारा दूरच्या गावी राहतो आणि घाई केली तर फोन ठेवून देतो. तो म्हणाला, पानगळीनंतर बघू. विव्ही-आन मला एक शब्द बोलली नाही. पण पुढच्या वेळी तिने माझे केस कापले ते असे, की शाळेत मुलांनी चौकशी केली.

तरी चार धड जोड्या हाती होत्या. त्या फोनवर चढवणारी एक कंपनी असते. तिच्या संकेतस्थळावर मी नाव घातलं. आधी तिने विचारलं, संगीताचा प्रकार कोणता. यादीत पावसाचे आवाज होते, कुत्र्यांसाठी शांत संगीत होतं, एकाग्रतेसाठी पंख्याची घरघर होती. आमच्या देशात निम्मी लग्नं ज्या संगीतावर जमली, ते नव्हतं. मी 'जागतिक संगीत, इतर' यावर खूण केली. जगात राहून इतर असल्याची भावना मला त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

मग तिने विचारलं की हे गाणं माणसाने गायलं आहे की यंत्राने बनवलं आहे. पुरावा म्हणून रोल्फ-आर्नेला कॅमेऱ्यात बघून मान डावीकडे, मग उजवीकडे वळवायला लावली. त्याने मान वळवली, पण त्याचं समाधान झालं नाही. "अरे, माझ्या गाण्यात चुका किती आहेत, ऐक म्हणावं त्यांना," तो म्हणाला. "यंत्राला जमल्या असत्या का एवढ्या?"

शेवटचा अडसर मोठा निघाला. मी एकेक जोडी सलग चढवली होती, मधल्या खोकण्यासह आणि नंतरच्या उसंतीसह. कंपनीने ती परत पाठवली. गाण्यात विनाकारण शांतता आढळली, ती काढून टाकावी आणि प्रत्येक गाणं वेगळं पाठवावं. मी मदत कक्षाला लिहिलं की ती शांतता विनाकारण नाही, त्या वेळात लोक एकमेकांचे आभार मानतात. मोआ नावाच्या कुणीतरी तात्काळ उत्तर दिलं की माझी अडचण ती समजू शकते, शांतता काढून टाकावी. मी सविस्तर पत्र लिहिलं, त्यात सिक्स्टेनचंही उदाहरण दिलं, नाव न घेता. मोआने मला शुभ दिवस चिंतिला आणि शांतता काढून टाकावी असं कळवलं. तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मोआ कधी झोपत नाही.

मी हात टेकले. जोड्या फोडल्या, खोकणं कापलं, उसंत कापली. आठ सुटी गाणी तयार झाली, नीटनेटकी, शाळेतल्या रांगेसारखी. त्या वेळी मला ती प्रगती वाटली.

आम्ही फोनवर सापडू लागलो. पहिल्या आठवड्यात आम्हाला श्रोते मिळाले ते म्हणजे आम्ही चौघे आणि शेल-ओके. शेल-ओके स्वतः ऐकत नव्हता, खुराड्यात कोंबड्यांना लावून देत होता, आणि कोंबड्या समाधानी असल्याचं सांगत होता. त्यातून मिळालेल्या कमाईबद्दल मला विचारू नका. बायकोने विचारलं होतं, आणि आमच्या घरात तो विषय आता निघत नाही.

पण गुन्नेल हरखली. जूनच्या एका संध्याकाळी ती फोन हातात धरूनच आली. तिने आम्हा चौघांचं अभिनंदन केलं. म्हणाली, मंडळाला फोनवर गाण्यांची यादी लावून नाच चालवावा असं कधीचं वाटत होतं, पण परक्यांची गाणी लावायला मन होत नव्हतं, गावाला आपल्याच बँडची सवय आहे. आता तो प्रश्नच मिटला. शनिवारपासून यादी लावायची, आणि यादीत सगळी गाणी 'रोल्फ-आर्नेचे' यांचीच.

आम्हाला कळायला जरा वेळ लागला. स्टेलानने विचारलं, मग आम्ही किती वाजता यायचं. गुन्नेलने त्याच्याकडे मायेने बघितलं आणि म्हणाली, "अरे, तुम्ही यायची काही गरज नाही. तुम्ही आता तिथे आहातच."

रोल्फ-आर्नेने तिचा फोन हातात घेतला. त्यात सॉनातला आमचा फोटो होता, चौघेही घामाघूम आणि हसत असलेले. मग त्याने एवढंच विचारलं, "शुभ संध्याकाळ कोण म्हणेल?" गुन्नेल म्हणाली, दाराशी पाटी लावता येईल.

माझ्या प्रतिष्ठेचं त्या आठवड्यात काय झालं ते सांगत नाही. बँडला वाचवायला निघालेल्या माणसाने बँडच्या जागी बँडच आणून बसवला, असा प्रकार संगीताच्या इतिहासात झाला असेल असं मला वाटत नाही. बायको म्हणाली, तू निदान स्वतःची हकालपट्टी स्वतः केलीस, लोकांना तेवढंही जमत नाही. हे सांत्वन होतं, असं ती म्हणते.

शनिवारी रोल्फ-आर्नेचा फोन आला, आपण जायचं. मी म्हणालो, कशाला. तो म्हणाला, कोट इस्त्री केलाय.

आम्ही चौघांनी तिकिटं काढून नाचघरात प्रवेश केला आणि बाकावर ओळीने बसलो. रंगमंचावर, रोल्फ-आर्ने जिथे उभा राहायचा तिथे, एक खुर्ची होती. खुर्चीवर गुन्नेलचा फोन आणि शेजारी रानफुलांची बरणी. गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे ठेवतात, तशी. रोल्फ-आर्नेने ते बघितलं आणि नजर जमिनीवर वळवली. इतकी वर्षं तो नाचघरात येतो आहे, पण त्याला नाचता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. कधी शिकणार, तो कायम वर असायचा.

अध्यक्षाने पहिला नाच सुरू करायचा अशी पद्धत आहे. गुन्नेलने फोन चालू केला आणि सर्वांत जवळ उभ्या असलेल्या माणसाचा हात धरला. तो सिक्स्टेन होता. तो एब्बाच्या बाकाकडे निघालेला होता.

पहिला फॉक्सट्रॉट छान झाला. आपलं गाणं बाकावर बसून ऐकताना मला वाटलं, बास जरा कमी आहे. मग तो संपला आणि त्याच क्षणी वॉल्ट्झ सुरू झाला. मधे काहीच नाही. लोकांचे पाय अडखळले. हे दुसरं गाणं की नव्या जोडीतलं पहिलं? दुसरं असेल तर फॉक्सट्रॉट हवा. पहिलं असेल तर आधी उसंत हवी, आभार हवेत. यादीने आमची आठ गाणी पत्त्यांसारखी पिसली होती. ग्रानबीत कुणी कुणाचा हात मधेच सोडत नाही, म्हणून सगळे नाचत राहिले. मग कवायतीच्या तालातला एक मार्च आला. मग पुन्हा तोच फॉक्सट्रॉट.

मग जाहिरात लागली. गुन्नेलने फुकटातली यादी घेतली होती. एक उत्साही बाई घोरणं थांबवणाऱ्या पट्टीबद्दल बोलू लागली. नाचघरातल्या सगळ्या जोड्या हातात हात धरून स्तब्ध उभ्या राहिल्या आणि आदराने ऐकत राहिल्या. काही नवऱ्यांनी खाली बघितलं. ही उसंत धरायची का, याचा निर्णय होईपर्यंत पट्टी संपली आणि वॉल्ट्झ सुरू झाला.

असं चालूच राहिलं. ज्याच्या हाती जो लागला तो त्याच्यापाशीच राहिला. चार गाण्यांची मर्यादा कधीच मागे पडली. ग्रानबीच्या हिशेबाने त्या संध्याकाळी दहा-बारा साखरपुडे झाले, त्यांतले निम्मे आधीच दुसऱ्यांशी लग्न झालेल्यांचे. एब्बा शेल-ओकेच्या हाती सापडली होती आणि तो तिला टेलिफोनच्या खांबांबद्दल सांगत होता. कॉफीच्या खिडकीत विकायला ठेवलेले बन कापडाखाली झाकलेलेच होते, तिथवर जायला कुणाचा हात मोकळा नव्हता. गुन्नेलच्या कपाळावर घाम होता, पण अध्यक्षाला मागे हटता येत नाही. सिक्स्टेन तिच्या डोक्यावरून एब्बाकडे बघत होता, गाडी सुटल्यावर फलाटाकडे बघावं तसा.

पुढची जाहिरात लागली. सगळे थांबले, आणि त्या शांततेत सिक्स्टेन बोलला. त्याचं वाक्य सगळ्या नाचघराने ऐकलं, कारण त्याचा आवाज कसा आहे हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळत होतं.

"गुन्नेल, तू फार छान नाचतेस. पण हे संपतं कधी?"

"संपत नाही," गुन्नेल धापा टाकत म्हणाली. "तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

सिक्स्टेनने थोडा विचार केला. मग तिचा हात अलगद खाली ठेवला, रंगमंचावर चढला आणि फोन उचलला. तो बंद कसा करायचा ते त्याला सापडेना. त्याने दोनदा उलटासुलटा केला, खिशात घातला आणि दाराबाहेर पडला. गाणं भिंतीवरच्या बिनतारी कर्ण्यांतून चालूच होतं. आम्ही खिडकीतून बघत होतो. उन्हं अजून होती, सिक्स्टेन सावकाश तळ्याच्या दिशेने चालला होता. तो वाहनतळ ओलांडेपर्यंत वॉल्ट्झ चालला. कुंपणापाशी गाणं तुटक झालं. भूर्जांच्या झाडीत सिक्स्टेन दिसेनासा झाला आणि रोल्फ-आर्नेचा आवाज एका ओळीच्या मध्यावर थांबला.

नाचघरात कुणी हललं नाही. सगळे हात धरून उभे. सोडायचं कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या शेजारी बाकावर रोल्फ-आर्नेने घसा साफ केला, खोकला, आणि सवयीने म्हणाला, "आभारी आहे."

सगळ्या नाचघराचा श्वास सुटला. माणसं वाकली, बायकांनी माना लववल्या, जो तो आपापल्या जोडीला बाकापर्यंत सोडायला निघाला. शेल-ओकेने एब्बाला पोचवलं तेव्हा तिने आभार मानले ते इतक्या मनापासून, की तो अजूनही त्याचा उल्लेख करतो.

पुढचं कुणी ठरवलं नाही. स्टेलानचे ढोल त्याच्या गाडीतच असतात, कारण त्याच्या घरी बायको ते ठेवू देत नाही. माझी गिटार आणि रोल्फ-आर्नेचा सॅक्सोफोन माझ्या गाडीत होते, का ते मला विचारू नका. ॲकॉर्डियन नव्हता. विव्ही-आन रंगमंचावर येऊन म्हणाली, मी गाण्यात दुसरा आवाज धरते, आणि माझ्या केसांकडे बघून पहिल्यांदाच जरा ओशाळली. रोल्फ-आर्नेने खुर्ची बाजूला केली, फुलं उचलून खिडकीत ठेवली आणि लोकांना शुभ संध्याकाळ म्हटलं.

आम्ही दोन वॉल्ट्झ वाजवले. वाईट वाजवले. पहिल्याच्या अर्ध्यावर सिक्स्टेन परत आला, बुटांना तळ्याकाठचा चिखल. दाराशी त्याने तो पाटीप्रमाणे पुसला. मग कुठेही न बघता सरळ एब्बापाशी गेला. पहिलं गाणं संपेपर्यंत तो आपल्या पायांकडे बघत होता. दुसऱ्यात त्याने काहीतरी म्हटलं. एक वाक्य नव्हतं, बरीच होती. एब्बा नाचता नाचता थांबली, त्याच्याकडे बघत राहिली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून नाचू लागली. मला एक शब्दही ऐकू आला नाही, कारण नेमक्या त्याच वेळी स्टेलानला ठेका सापडला होता.

मग गाण्यांच्या आणखी जोड्या झाल्या. शेवटी रोल्फ-आर्नेचा आवाज बसला, चेहरा लाल झाला, आणि त्याने खांबाला धरून सांगितलं की बँड आता जरा टेकणार आहे. सगळं नाचघर कॉफीच्या खिडकीशी रांगेत जाऊन उभं राहिलं.

मंडळाची बैठक सोमवारी झाली. मी नाचघराबाहेर थांबलो होतो. जिवंत कलेवर एक भाषण तयार केलं होतं. त्यात यंत्र आणि माणूस असा एक परिच्छेद होता, शांततेच्या कारणांवर दुसरा, आणि तो म्हणताना माझा आवाज किंचित कापणार होता. गुन्नेल बाहेर आली आणि म्हणाली, यादी बंद, शनिवारी नेहमीच्या वेळेला या. मी रोल्फ-आर्नेला तिथूनच फोन केला. तो म्हणाला की तो इस्त्री गरम करायला ठेवतो. दिवस सोमवार होता.

मग मी गुन्नेलला विचारलं की मंडळाला नेमकं काय पटलं. एक मुद्दा तरी मला माझ्या भाषणात जोडता आला असता.

ती नाचघराच्या स्वयंपाकघरात जाऊन कपबशा लावू लागली होती. "यादीला दम लागत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला लागतो. आणि नाचघर कॉफीवर चालतं."